‘माझं मी धुणार!’

१९०७च्या जानेवारीत रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी लहान मुलांसाठी ‘बालगृह’ सुरू केलं. तिथे एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं याचा धडा दिला. रुमाल कसा काढायचा, कसा धरायचा, चारचौघांत फारसा आवाज न करता नाक कसं साफ करायचं, हे त्यांनी जरा गमतीच्या सुरातच करून दाखवलं. मुलं हसतील अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात मुलं हसली नाहीत. ती एकटक बघत राहिली आणि धडा संपल्यावर त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माँटेसरींनी याचा जो अर्थ लावला, तो लहान मुलांच्या प्रत्येक घरात आजही लागू पडतो. या मुलांना नाकावरून उठता-बसता बोलणी खावी लागत. रागावणारे पुष्कळ होते, पण नाक साफ करतात कसं, हे त्यांना शांतपणे, त्यांचा मान राखून आजवर कुणी दाखवलंच नव्हतं.

दीड ते चार वर्षांच्या मुलांच्या स्वच्छतेत ‘मजा आणायची’ म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे बाजारच येतो. कार्टूनचा ब्रश, रंग बदलणारा साबण, बबलगमच्या चवीची पेस्ट, भिंतीवर चांदण्या चिकटवायचा तक्ता आणि हे सगळं हरलं तर शेवटी मोबाइल. काम मुळातच कंटाळवाणं आहे, त्याला वरून गोड मुलामा दिला पाहिजे, असं आपण यात गृहीत धरलेलं असतं. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. पाणी, फेस, आरसा, तांब्या, मोठ्यांसारखं काहीतरी करायला मिळणं, याहून जास्त मजेच्या गोष्टी त्या वयात फारशा नसतात. या कामातली मजा आपण घाईने आणि मूल जिथे पोचत नाही अशा उंचीवर सगळं ठेवून काढून घेतो, आणि मग ती परत आणायला दुकानात जातो.

आधी उपदेशाचा निकाल लावू. ‘हात धू, नाहीतर जंतू पोटात जातील,’ हे वाक्य दोन वर्षांच्या मुलाला सांगण्यात काही हशील नाही. जंतू दिसत नाहीत आणि पोट दुखणार ते उद्या-परवा. त्या वयाला दिसतं ते खरं आणि आत्ता आहे ते आहे. भीतीच्या जोडीला किळस असते म्हणावं, तर तीही अजून आलेली नसते. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेंगदाण्याचं लोणी आणि उग्र वासाचं चीज वापरून त्यांनी हुबेहूब कुत्र्याची विष्ठा वाटेल असा पदार्थ तयार केला आणि लहान मुलांपुढे ठेवला. त्यांतल्या सगळ्यात लहान वयोगटातल्या बऱ्याच मुलांनी तो बिनदिक्कत तोंडात घातला. घाणीची किळस मूल जन्मतः घेऊन येत नाही, ती घरातल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून हळूहळू शिकतं. त्यामुळे ‘शी! घाण!’ ही आपली आरोळी त्याला निराळीच ऐकू येते. वस्तू घाण आहे हे त्याला कळत नाही, मोठं माणूस चिडलंय एवढंच कळतं.

आणि माहितीने मोठी माणसं तरी कुठे सुधारतात? व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ साली डॉक्टरांना क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुवायला लावलं, बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, आकडे समोर होते. तरी त्याच्या शिकल्यासवरलेल्या सहकाऱ्यांपैकी अनेकांनी वर्षानुवर्षं त्याचं म्हणणं मानलं नाही. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात १४ गावांत झालेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच दिशेने जातो. त्यांतल्या सात गावांत ‘सुपरअम्मा’ नावाची मोहीम राबवली गेली. तिच्यात रोगजंतूंचं व्याख्यान जवळजवळ नव्हतंच. मुलाला चांगलं वळण लावणारी एक प्रेमळ आई, तिच्या उलट किळसवाण्या हातांनी लाडू वळणारा एक माणूस, अशी पात्रं आणि त्यांची नाटुकली होती. सहा महिन्यांनी या गावांत हात धुवायलाच हवेत अशा प्रसंगी साबण वापरण्याचं प्रमाण ३७ टक्के होतं. मोहीम न झालेल्या गावांत ते ६ टक्के होतं. मोठ्यांना हलवायला ममता आणि किळस लागली. लहानग्यांच्या बाबतीत त्यांतली किळस वजा करायची, म्हणजे उरतं ते माणसांचं प्रेम, त्यांची नक्कल आणि खेळ.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तेही नोंदवायला हवं. कराचीच्या गरीब वस्त्यांत झालेल्या आणि २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ज्या घरांना साबण आणि हात धुण्याचं प्रोत्साहन दिलं गेलं, तिथे पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया निम्म्यावर आला आणि १५ वर्षांखालच्यांमधले जुलाबही निम्म्याहून थोडे जास्तच घटले. हे आकडे साध्या साबणाचे आहेत, औषधी साबणाचे नव्हेत.

खेळाची ताकद किती, याची दोन उदाहरणं मला फार बोलकी वाटतात. बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांत संशोधकांनी शौचालयापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत रंगीत वाट आखली, वाटेवर पावलं रंगवली आणि धुण्याच्या जागी पंजे. मुलांना एका शब्दानेही उपदेश केला नाही. आधी शौचानंतर साबणाने हात धुणारी मुलं होती ४ टक्के. दुसऱ्याच दिवशी हे प्रमाण ६८ टक्के झालं आणि सहा आठवड्यांनी ७४ टक्के. पाऊल दिसलं की त्यावर पाऊल ठेवावंसं वाटतं, बस्स. दुसरं उदाहरण इराकमधल्या विस्थापितांच्या छावणीतलं. तिथे मुलांना पारदर्शक साबणाच्या वड्या दिल्या, आत एक छोटं खेळणं. घासत राहिलं की साबण झिजतो आणि खेळणं हाती येतं. चार आठवड्यांनी या मुलांमध्ये साबणाने हात धुण्याची शक्यता, साधा साबण आणि नेहमीचा आरोग्यसंदेश मिळालेल्या मुलांच्या सुमारे चौपट निघाली. ही मुलं शाळकरी वयाची होती, आपण बोलतोय त्यांच्याहून मोठी. पण वय जितकं कमी तितका व्याख्यानाचा उपयोग कमी आणि पावलांच्या ठशांचा जास्त, असं मानायला हरकत नसावी.

इथे कुणीही विचारेल की साबणातलं खेळणं हे बक्षीसच झालं, मग चांदण्यांच्या तक्त्याला नावं का ठेवायची? फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रमाणपत्र मिळेल. प्रमाणपत्रं मिळाली. पण एक-दोन आठवड्यांनी तेच रंग पुन्हा वर्गात मोकळे ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्या या मुलांनी त्यांच्यावर इतरांच्या निम्माच वेळ घालवला. बोली लावली की आवडीचं काम मजुरी होऊन बसतं. साबणातलं खेळणं घासण्याच्या क्रियेतूनच बाहेर येतं. चांदणी मात्र काम उरकल्यावर बाहेरून, आईच्या मर्जीने येते. तरीही खेळण्याची नवलाई संपल्यावर काय, हा प्रश्न उरतोच, आणि चार आठवड्यांचा अभ्यास त्याचं उत्तर देऊ शकत नाही. शी-शूची सवय लागताना चारदोन दिवस चांदण्या लावल्या म्हणून आभाळ कोसळत नाही. पण दात घासण्यासाठी रोज चॉकलेट कबूल करणारं घर आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतंय, तेही दातांच्या बाबतीत!

नक्कल हे या वयाचं खरं भांडवल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना एका पेटीतून खाऊ कसा काढायचा हे दाखवलं. दाखवताना मुद्दाम काही निरुपयोगी हालचालीही केल्या. पेटी पारदर्शक असली की चिंपांझी त्या फालतू हालचाली गाळून थेट खाऊ काढत. मुलांनी मात्र निरुपयोगी हालचालींसकट सगळं जसंच्या तसं केलं. यात चिंपांझी हुशार आणि मूल भोळं ठरतं असं वाटेल, पण माणसाची संस्कृती याच भोळेपणावर उभी आहे. कारण न कळताही मोठे करतात तसं करायचं, ही तयारी मुलापाशी आयती असते. मग आपण करतो काय? आपण मुलाला हात धुवायला लावतो आणि स्वतः धुतो ते त्याच्या नजरेआड, किंवा धुतच नाही. बाबा ऑफिसातून येऊन थेट फरसाणाच्या डब्यात हात घालतात आणि तोंडाने मात्र मुलाला ‘हात धुतलेस का?’ विचारतात. मूल यातलं काय उचलणार, हे सांगायला नकोच. गाडगेबाबांना हे पक्कं ठाऊक होतं. कीर्तनात स्वच्छतेवर बोलण्याआधी ते स्वतः खराटा घेऊन गाव झाडायला लागत.

आता हात धुण्याचा प्रसंग मुलाच्या उंचीवरून पाहू. बेसिनपाशी उभ्या असलेल्या दोन वर्षांच्या मुलाला दिसतो तो बेसिनचा खालचा फुगीर भाग आणि पाइप. नळ दिसत नाही, साबण दिसत नाही. मग मागून कुणीतरी काखेत हात घालून उचलतं. पोट बेसिनच्या गार कडेवर दाबलं जातं, पाय लोंबकळतात, पाण्याचा ओघळ बाहीतून कोपरापर्यंत जातो. दोन मोठे हात त्याचे हात घसाघसा चोळतात आणि ‘झालं!’ म्हणून त्याला खाली ठेवलं जातं. या सगळ्यात त्याने केलं काय? काहीच नाही. उद्या बोलावल्यावर ते पळालं तर त्याला हट्टी म्हणता येईल का? तेच मूल न हलणाऱ्या पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर उभं करा. मोठ्यांच्या साबणाची वडी त्या मुठीत मावत नाही आणि सारखी निसटते, म्हणून तिचे चार तुकडे करा, नाहीतर तुकडा जुन्या स्वच्छ मोज्यात घालून नळाला बांधा. मोजा चोळला की फेसच फेस. त्याचा नॅपकिन त्याच्या खांद्याच्या उंचीवर खिळ्याला अडकवा. मग एकदा, बडबड न करता, सावकाश करून दाखवा: हात ओले, नळ बंद, साबण, तळवे, पालथे हात, बोटांच्या बेचक्या, आणि हटकून राहून जातात ते अंगठे आणि नखांची टोकं. एकेका बोटाचं नाव घेत घासलं की २० सेकंद कुठल्या कुठे जातात. ‘माझं मी धुणार!’ हे वाक्य पहिल्यांदा इथेच ऐकू येतं. त्याला हट्ट समजून गप्प करणं ही या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक.

आपल्या जुन्या घरांत यातलं बरंच काही न सांगता होत असे. दिवेलागणीला खेळून आलेल्या मुलांनी हातपाय धुवायचे आणि मगच देवापुढे ‘शुभं करोति’ म्हणायला बसायचं. इथे आरोग्याचा उल्लेखही नव्हता. एका ठरलेल्या प्रसंगाला दुसरी कृती बांधलेली होती आणि सगळी भावंडं ती एकत्र करत होती, त्यामुळे ती रोज नव्याने पटवून द्यावी लागत नसे. दिवाळीतली पहिली अंघोळ घ्या. पहाटेचा अंधार, तेल, उटण्याचा वास, पायाखाली फोडायचं कारीट, आणि तरीही त्या अंघोळीला नको म्हणणारं पोर विरळा! अर्थात जुन्या घरांचं सगळंच गोड होतं असं नाही. डोळ्यांत शिकेकाई गेल्यावर पाठीत धपाटा देऊन गप्प करण्याचीही परंपराच होती. रोजच्या कामांतूनच स्वच्छता शिकवायची, हा विचार बालशिक्षणाच्या अंगाने महाराष्ट्रात रुजवला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी बालवाडी वस्तीतल्या अंगणात नेली आणि अंगण झाडणं, हातपाय-तोंड धुणं, केस विंचरणं हा शिक्षणाचाच भाग मानला. शिकण्याआधी उरकायची हजेरी म्हणून त्याकडे पाहिलं नाही.

मजेवर सगळं सोडून चालेल का, हा आक्षेप दातांपाशी येऊन खरा ठरतो. तीन-चार वर्षांचं मूल कितीही आनंदाने ब्रश फिरवो, त्याच्या मनगटाला दाढेच्या मागच्या बाजूपर्यंत नीट पोचण्याचं कसब आलेलं नसतं. म्हणूनच साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी घासून द्यावं, असं दंतवैद्य सांगतात. ‘पडणारेच तर दात आहेत’ म्हणून दुधाच्या २० दातांकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही, कारण ते किडले की दुखतात, मूल नीट चावत नाही आणि मागून येणाऱ्या कायमच्या दातांची जागाही बिघडू शकते. तेव्हा इथे दोन पाळ्या लावाव्यात: आधी त्याची, मग तुमची. त्याच्या पाळीत सुधारणा सुचवायच्या नाहीत, आणि तुमच्या पाळीत वाटाघाटी नाहीत. मधल्या वेळात त्याला तुमचे दात घासू द्या, बाहुलीचे घासू द्या. आपलं तोंड दुसऱ्याच्या हाती देणं ही किती अवघड गोष्ट आहे, हे तेव्हा आपल्यालाही कळतं. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. जाहिरातीतला ब्रशभर लांबलचक पट्टा विसरून जा. मोबाइल दाखवून तोंड उघडवता येतं हे खरं, पण तेव्हा मूल तिथे नसतंच, फक्त त्याचा जबडा असतो. सवय जबड्याला लागत नाही.

सकाळी साडेसातची लोकल गाठणाऱ्या आईबापांना हे सगळं वाचून हसू येईल. पाटावर उभं करून सावकाश दाखवायला वेळ कुणाकडे आहे? रास्त आहे. पण ओढाताण, रडारड, पळापळ यालाही वेळ लागतोच, आणि तो रोज लागतो. शिकवण्याचा वेळ रविवारी सवडीने द्यावा आणि घाईच्या सकाळी फक्त ठरलेला क्रम चालवावा. त्या क्रमात निवड मुलाची, पण काम टळणार नाही अशी: आधी दात की आधी अंघोळ, तांब्याने की मगाने. ‘दात घासायचे का?’ असं विचारूच नये, कारण त्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं असतं आणि ते ऐकायची आपली तयारी नसते. काही मुलांना डोक्यावरून पाणी घेणं, नखं कापणं, ब्रशचे केस हिरड्यांना लागणं खरोखरच असह्य होतं. तिथे गाणी म्हणून उपयोग नाही. मान मागे टाकून केस धुणं, कपाळावर घडी केलेला पंचा धरणं, नखं झोपेत कापणं, असे उपाय करावेत. शौचाच्या बाबतीत तर जबरदस्ती अंगाशी येते. ओरडा बसला की मूल शी दाबून धरतं, ती घट्ट होते, मग दुखते, आणि दुखते म्हणून ते आणखी दाबून धरतं. ही साखळी सोडवायला पुढे महिने लागतात.

पाण्याचा आक्षेप मात्र सगळ्यात गंभीर. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे मुलाला पाण्याशी खेळू द्या म्हणणं हा शहरी लाड वाटू शकतो. पण हात धुवायला वाहता नळ लागत नाही. झाकणाला भोक पाडलेला पाच लिटरचा डबा दोन काठ्यांच्या आधाराने टांगायचा, त्याला दोरी बांधून दुसरं टोक जमिनीलगतच्या काठीला. काठी पायाने दाबली की डबा कलतो आणि बारीक धार पडते, पाय काढला की बंद. ‘टिपी टॅप’ नावाने हा प्रकार जगभर गरीब वस्त्यांत आणि शाळांत वापरला जातो. नळापेक्षा त्याला पाणी कितीतरी कमी लागतं, धुतलेले हात तोटीला लावावे लागत नाहीत, आणि पायाने दाबून पाणी काढणं हाच मुलांना खेळ वाटतो. खाली अळू किंवा केळ लावली की सांडपाण्याचंही चीज होतं. अंगणवाड्यांसाठी हे सहज जमण्यासारखं आहे. पोषण आहाराच्या वेळी तिथे एकाच बादलीत वीस हात बुडत असतील, किंवा साबण ‘मुलं वाया घालवतात’ म्हणून कपाटात वर ठेवलेला असेल, तर भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्रफलकाचा काही उपयोग नाही. पालकसभेत पोराच्या वजनाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत: नळ किती उंचीवर आहे, आणि साबण कुठे ठेवता?